शून्यातून सृष्टी? इस्लामी विचारातील एक वाद



कुंभार मडके घडवितो ते मातीचे, सुतार पेटी करतो ती लाकडाची. मग ईश्वराने हे विश्व केले ते कशाचे? या प्रश्नावर इस्लामी जगात अकराव्या-बाराव्या शतकांत जो मोठा वाद झाला, त्याची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. हा वाद आस्तिक आणि नास्तिक यांचा नव्हे, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. दोन्ही पक्ष एकाच ईश्वराला मानणारे आणि एकच कुराण प्रमाण समजणारे होते. घरातल्या घरातले भांडण अधिक कडवट होते, तसेच येथेही झाले.

इ. स. १०३० च्या सुमारास अल्‌-बेरूनीने हिंदुस्थानावर आपला ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आपल्याकडील विचाराविषयी एक मार्मिक नोंद केली आहे. हिंदू लोक मूलद्रव्य अनादि मानतात. त्यामुळे सृष्टी निर्माण करणे म्हणजे असलेल्या मातीला निरनिराळे आकार देणे, एवढाच अर्थ ते घेतात, असे तो सांगतो. सांख्यांची प्रकृती ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. परंतु मुसलमान धर्मपंडितांना हे पटणे कठीण होते. ईश्वराबरोबर मातीही अनादि म्हटली की ईश्वराला एक भागीदार उत्पन्न झाला, आणि ईश्वराला भागीदार मानणे हे इस्लाममधील सर्वांत मोठे पाप. कुराणाच्या ३६ व्या अध्यायात ईश्वर ‘हो’ म्हणतो आणि वस्तू होते, असे आहे. १९ व्या अध्यायात, मनुष्य निर्माण होण्यापूर्वी काहीच नव्हता, याची आठवण दिली आहे. धर्मपंडितांनी याचा सरळ अर्थ घेतला: आधी केवळ ईश्वर होता, दुसरे काही नव्हते, नंतर त्याच्या इच्छेने विश्व झाले.

अल्‌-बेरूनीचाच समकालीन इब्न सीना (मृत्यू १०३७) याने वेगळी वाट काढली. त्याचा ईश्वर कुंभार नव्हे. माती, चाक आणि मडके, सारेच ईश्वरापासून, परंतु सदैव. हात वळतो आणि हातातली किल्ली वळते. दोन्ही एकाच क्षणी घडतात, तरी किल्ली हातामुळे वळते, हात किल्लीमुळे वळत नाही. त्याचप्रमाणे विश्व अनादि असूनही क्षणोक्षणी ईश्वरावर अवलंबून आहे. त्याला स्वतःच्या बळावर अस्तित्व नाही. आणि त्याला आरंभ होता असे म्हटले, तर तो त्याच वेळी का, आधी का नाही, हा प्रश्न उभा राहतो. ईश्वराच्या मनात तेव्हा काही नवे आले काय? आले असेल तर ईश्वरच बदलला!

या कोटिक्रमाला उत्तर दिले ते गझालीने. तो १०५८ मध्ये तूस येथे जन्मला आणि १०९१ पासून बगदादच्या निजामिया मदरशात शिकवीत होता. १०९५ मध्ये त्याने ‘तहाफुत अल्‌-फलासिफा’, म्हणजे ‘तत्त्ववेत्त्यांची विसंगती’, हा ग्रंथ पुरा केला. त्याची भूमिका अशी: सूर्य प्रकाश देतो तो ठरवून देत नाही, त्याला दुसरे काही करताच येत नाही. इब्न सीनाचा ईश्वर असाच असेल, तर त्याला कर्ता कसे म्हणावे? कर्ता तो, जो इच्छेने करतो. ‘त्याच वेळी का?’ यावर गझाली दाखला देतो: भुकेल्या माणसापुढे अगदी सारखे दोन खजूर ठेवा. एकाला दुसऱ्याहून पसंत करण्याचे काहीच कारण नाही, म्हणून तो उपाशी बसतो काय? सारख्यांतून एक निवडणे, हेच इच्छेचे काम आहे.

पुढे तो गणिताकडे वळतो. सूर्याची एक फेरी एका वर्षाची, शनीची तीस वर्षांची, असे त्या काळचे ज्योतिष सांगे. विश्व अनादि असेल तर दोघांच्याही फेऱ्या अनंत झाल्या. मग एकीची संख्या दुसरीच्या तीसपट कशी? आणि ती अनंत संख्या सम की विषम?

येथवर हा बुद्धीचा खेळ होता. परंतु ग्रंथाच्या शेवटी गझालीने निवाडा दिला. वीस प्रश्नांपैकी सतरांत तत्त्ववेत्ते चुकले, एवढेच. पण विश्व अनादि मानणे हे ज्या तीन मतांमुळे मनुष्य काफिर ठरतो त्यांपैकी एक. धर्मातून बाहेर गेलेल्यास त्या काळच्या कायद्यात देहान्ताची शिक्षा होती. सम की विषम, या प्रश्नाला आता मानेचे मोल आले.

सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी उत्तर आले ते स्पेनमधून. कोर्दोव्ह्याचा इब्न रुश्द (११२६–११९८) हा स्वतः काजी होता, कायदा जाणत होता. ‘तहाफुत अल्‌-तहाफुत’, म्हणजे ‘विसंगतीची विसंगती’, या ग्रंथात त्याने एकेक मुद्दा तपासला. भुकेला मनुष्य दोन खजुरांत निवड करीत नाही, तो खाणे आणि न खाणे यांत निवड करतो. होऊन गेलेल्या फेऱ्या एकत्र उभ्या नाहीत, मग त्यांची बेरीज आणि तिची पट कशी काढायची?

परंतु त्याचे खरे मर्मभेदी उत्तर ‘फस्ल अल्‌-मकाल’ या छोट्या पुस्तकात आहे. तो म्हणतो, कुराण उघडून पाहा. ११ व्या अध्यायात आकाश-पृथ्वी निर्माण होताना ईश्वराचे सिंहासन पाण्यावर होते. ४१ व्या अध्यायात आकाश प्रथम धूर होते. म्हणजे पाणी होते, धूर होता. ईश्वर आणि निव्वळ शून्य, एवढेच होते असे शब्द कोठे आहेत? धर्मपंडितही शब्दाच्या पलीकडे जाऊन अर्थच लावीत आहेत. शिवाय विश्वाला कर्ता आहे हे दोघांना मान्य; विश्वापूर्वी काळ नव्हता हेही धर्मपंडितांना कबूल. मग उरलेला भेद बहुतांशी नावाचा. जेथे ग्रंथाचा शब्द स्पष्ट नाही आणि विद्वानांचे एकमत नाही, तेथे चुकणाऱ्याला काफिर म्हणण्याचा अधिकार कोणाला?

या विवेचनाने त्याचे रक्षण झाले नाही. ११९५ मध्ये त्याला लुसेना येथे हद्दपार केले आणि त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले. मृत्यूपूर्वी थोडे दिवस त्याला पुन्हा मान मिळाला, एवढेच.

गझालीचा कोटिक्रम मात्र आजही जिवंत आहे. १९७९ मध्ये विल्यम लेन क्रेग या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने त्याच परंपरेचे नाव देऊन त्यावर ग्रंथ लिहिला. आजचे पदार्थविज्ञान विश्वाच्या फार तप्त आणि दाट अशा पूर्वावस्थेपर्यंत मागे जाते. त्याआधी ‘काहीच नव्हते’ असे ते सिद्ध करीत नाही.

गझालीने एक मोठी गोष्ट राखली: इच्छेवाचून कर्तृत्व नाही. ईश्वराला निसर्गनियमाचे नुसते दुसरे नाव होऊ द्यायचे नाही, ही त्याची तळमळ खरी होती. पण तिच्यासाठी त्याने जो निवाडा दिला, तो वादाच्या बाहेरचा होता. सृष्टी शून्यातून झाली की नाही, हे या सभागृहात ठरणार नाही. परंतु पवित्र ग्रंथ जेथे मौन धरतो, तेथे आपला अर्थ त्याच्या तोंडी घालून दुसऱ्याला धर्माबाहेर काढू नये, हे काजी इब्न रुश्दचे म्हणणे प्रत्येक धर्माच्या माणसाने घरी न्यावे, असे आम्हांस वाटते.