घेवड्याची टिक्की आणि पाण्याचा हिशेब



आहारशास्त्राच्या अध्यापनात माझी बरीच वर्षे गेली, आणि त्या निमित्ताने सल्ला विचारावयास येणाऱ्या गृहिणींच्या तोंडून अलीकडे एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की, आजच्या भाषणाचा विषय मला शोधावाच लागला नाही. मुलांना पावात घालून खाण्याचा बर्गर हवा असतो. बाजारातला रोज द्यावा असे आईच्या मनाला वाटत नाही. म्हणून ती मोठ्या हौसेने घरी कडधान्य भिजवते, शिजवते, वाटते, टिक्की थापते, आणि तव्यावर उलथताना ती टिक्की फुटते, किंवा तव्यावरून सुखरूप सुटली तरी पावात दाबताच चहूबाजूंनी बाहेर येते. मग कोणी बटाटा घालावयास सांगते, कोणी मैदा, कोणी पावाचा चुरा. आणि हे सगळे घालता घालता कडधान्य नावापुरतेच उरते. माझ्या मते टिक्की फुटण्याचे कारण बांधणाऱ्या पदार्थाच्या अभावात क्वचितच असते. ते असते पाण्यात. कडधान्याला पाणी केव्हा मनसोक्त पाजावे आणि केव्हा ते कठोरपणे काढून घ्यावे, एवढे हाताला उमगले की हा सारा मामला सोपा होतो.

कृतीकडे वळण्याआधी या बर्गरविषयी थोडे. हॅम्बुर्ग हे जर्मनीतले शहर, त्याच्या नावावरून पडलेले या पदार्थाचे नाव अमेरिकेत रूढ झाले, आणि मांसाऐवजी धान्याची टिक्की घालण्याचा प्रघात पुढे पाश्चात्त्य मुलखात हळूहळू पसरला. लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स या गृहस्थांनी 1982 साली ‘व्हेजबर्गर’ या नावाने जे विक्रीस आणले, ते कोरडे मिश्रण होते. घरी न्यावे, पाणी घालून कालवावे आणि टिक्क्या थापून भाजाव्यात. ज्यांच्या घरी थालीपिठाच्या भाजणीचा डबा पिढ्यान्‌पिढ्या भरलेला असतो, त्यांना या कल्पनेत परके असे काय वाटावे? धान्ये आणि डाळी भाजून, दळून, कोरड्या ठेवून, हव्या त्या वेळी पाण्याच्या हातानेच जिवंत करण्याची ही विद्या आपल्या आज्यांना चांगली अवगत होती.

म्हणून टिक्कीसाठी दूरदेशीचे काही मागविण्याची शिफारस मी करणार नाही. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात खरिपात जो वाघ्या घेवडा पिकतो, ज्याच्या फिकट अंगावर तांबूस पट्टे असतात आणि ज्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो या कामाला मला सर्वांत योग्य वाटतो. घेवड्याचे हे कुळ मूळचे अमेरिका खंडातले; उत्तरेकडे ज्याला राजमा म्हणतात तो याचाच भाऊबंद. वाघ्याचे दाणे शिजल्यावर लोण्यासारखे मऊ होतात, पण त्यांचा लगदा होत नाही, आणि टिक्कीला नेमका हाच गुण हवा असतो. त्याच्या जोडीला मंगळवेढ्याकडच्या टपोऱ्या ज्वारीच्या कण्या घ्याव्यात. या जोडीमागे शास्त्रही आहे. प्रथिनांच्या घडणीत लागणारे लायसीन हे द्रव्य ज्वारीत तोकडे आणि घेवड्यात विपुल असते, तर मिथिओनीन घेवड्यात कमी व ज्वारीत त्या मानाने बरे असते. एकाची तूट दुसऱ्याने भरून काढावी, असा हा जमाखर्च आहे. वरण-भात आणि पिठले-भाकरी यांतही तोच आहे, हे सुज्ञ श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल.

आता प्रत्यक्ष कृती. मोठी वाटीभर, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम घेवडा निवडून, धुऊन, चौपट पाण्यात रात्री भिजत घालावा, आणि त्या पाण्यात चमचाभर मीठ टाकावे. मिठाने कडधान्य कडक राहते अशी समजूत आपल्याकडे आहे. भिजवणीच्या पाण्यापुरती तरी ती खरी नाही. दाण्याच्या सालीत जे कॅल्शियम व मॅग्नेशियम घट्ट धरून बसलेले असतात, त्यांची जागा मिठातील सोडियम काही अंशी घेते, आणि साल लवकर मऊ पडते. कडक ठेवतात ती आंबट द्रव्ये, म्हणजे चिंच, आमसूल, टोमॅटो. आणि विहिरीचे जड पाणीदेखील. सोड्याच्या चिमटीने दाणा झटपट मऊ होतो खरा, परंतु थायामीन हे जीवनसत्त्व त्यात नष्ट होते आणि साबणासारखी चव येते, म्हणून तो मार्ग मी कोणास सुचवीत नाही. सकाळी भिजवणीचे पाणी ओतून द्यावे. पोटात वायू धरविणाऱ्या शर्करांचा काही भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो.

यानंतरची गोष्ट मी थोडी थांबून सांगणार आहे, कारण ती चवीची नसून प्रकृतीची आहे. घेवडा व राजमा यांच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे एक विषारी प्रथिन असते. कच्चे किंवा अर्धेकच्चे चार-पाच दाणेसुद्धा पोटात गेले तर एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या आणि नंतर जुलाब सुरू होऊ शकतात. हे विष उकळत्या पाण्याने निकामी होते. नुसत्या कोमट उष्णतेने होत नाही, उलट 80 अंशांच्या आसपास रेंगाळत शिजवलेल्या दाण्यात त्याचा जोर कच्च्याहून वाढल्याचे आढळलेले आहे. म्हणून हल्ली मिळणाऱ्या, मंद आचेवर तासन्‌तास शिजविणाऱ्या विजेच्या भांड्यात भिजवलेला घेवडा थेट घालू नये. ताज्या पाण्यात तो खळखळून निदान अर्धा तास उकळावा, किंवा आपल्या नेहमीच्या प्रेशर कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या झाल्यावर आच बारीक करून आणखी दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. कुकरातली उष्णता उकळत्या पाण्याहून बरीच वर जाते, त्यामुळे तिथे धास्तीचे कारण नाही. दाणा अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून दाबला असता जराही कणी न लागता पिठासारखा विरघळला पाहिजे. दहा दाणे असे तपासावेत, एकावर भिस्त ठेवू नये. भिजवूनही, शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाणा कडकच राहिला, तर तो उष्ण व दमट जागी फार दिवस साठवलेला जुना माल आहे असे समजावे, आणि त्या दाण्यांची टिक्की करण्याचा नाद सोडावा.

इथपर्यंत पाणी पाजण्याचा भाग झाला. आता ते काढून घ्यावयाचे.

आमच्या घरी पूर्वी मी शिजलेला घेवडा चाळणीत दोन मिनिटे निथळून लगेच कुस्करीत असे. टिक्क्या थापताना गोंडस दिसत, आणि तव्यावर पाच मिनिटांत त्यांची पिठल्यासारखी गत होई. मी पीठ वाढवीत जाई, आणि त्या खाताना घशाशी चिकटत. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत शिजलेला घेवडा परातीत पसरलेला तसाच तासभर पंख्याखाली राहून गेला. परत येऊन पाहते तो दाण्यांवरची चकाकी गेलेली, साली बारीक चिरा पडून उकललेल्या, आणि हातात घेतला तर दाणा तळहाताला ओल न लावता घरंगळतो. त्या दिवशीची एकही टिक्की फुटली नाही, आणि पीठ निम्मेच लागले. तेव्हापासून माझा दंडक असा की, घेवडा गरम असतानाच नीट निथळून, स्वच्छ पंचावर एकेरी थरात पसरावा. दाणा गरम असताना त्याची वाफच त्याची ओल बाहेर नेते. भांड्यात झाकून गार केला तर तीच वाफ पुन्हा त्याच्यात मुरते. निथळलेले पाणी टाकू नये, त्याची आमटी उत्तम होते.

ज्वारीच्या 100 ग्रॅम कण्या अडीच पट पाण्यात मोकळ्या शिजवून त्याही अशाच पसरून गार कराव्यात. आदल्या रात्रीच्या असल्या तर अधिक चांगले, कारण थंड झालेले पिष्ट घट्ट होते आणि टिक्कीला आतून आधार देते. कण्या न मिळाल्यास वरीचे तांदूळ चालतील. नाचणीचे पीठ मात्र या कामी जडशीळ होते.

घेवड्याचे दोन भाग हाताने किंवा रवीच्या बुडाने कुस्करावेत आणि एक भाग अर्धवट चेपून दाणेदार ठेवावा. मिक्सरचे पाते इथे शत्रू आहे. त्याने पिष्ट मोकळे सुटून चिकट लेप तयार होतो. मोठा कांदा बारीक चिरून तेलावर तांबूस होईपर्यंत परतावा, कारण कच्चा कांदा मिठाच्या स्पर्शाने पाणी सोडतो आणि तव्यावर ती सारी मेहनत धुऊन नेतो. गाजर किंवा बीट घालावयाचे तर किसून, मीठ लावून, मुठीत पिळून घ्यावे. त्यात कांदा-लसूण मसाला, कोथिंबीर, दोन चमचे भरडलेले भाजके शेंगदाणे आणि अर्धी वाटी थालीपिठाची भाजणी घालावी. बेसनाची शिफारस अनेकजण करतात. पण जाड टिक्कीच्या पोटात ते कच्चे राहते, भाजणी आधीच भाजलेली असते. याउपर मिश्रण सैल वाटलेच तर चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून तिचा बुळबुळीत लेप मिसळावा. बटाटा मी मुळीच घालीत नाही. तो घातला की ते कटलेट होते, आणि घेवड्याची चव त्याच्या खाली दबून जाते. मीठ व आमचूर सर्वांत शेवटी.

हे मिश्रण झाकून तासभर शीतकपाटात ठेवावे, म्हणजे भाजणी उरलीसुरली ओल पिऊन घेते. मग ओल्या तळहाताने नऊ टिक्क्या थापाव्यात: बोटाच्या पेराएवढ्या जाड, पावापेक्षा किंचित रुंद, आणि कडा चिरलेल्या दिसल्या तर बोटाने मिटवून घेतलेल्या. प्रत्येकीत सहा-सात ग्रॅम प्रथिने येतात. आधी सुपारीएवढी एकच टिक्की तव्यावर भाजून चव व बांधणी दोन्ही पाहावीत. लोखंडी किंवा बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवून, तेल सोडून, टिक्की ठेवल्यावर पाच मिनिटे तिला हात लावू नये. मोह फार होतो, उलथने वारंवार पुढे सरसावते. परंतु खालची बाजू खरपूस झाली की टिक्की आपण होऊन तव्याला सोडते, आणि त्याआधी तिला हलविणे म्हणजे तिला मोडणेच होय.

उरलेल्या टिक्क्या कच्च्याच, मध्ये कागद घालून, बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास महिना-दोन महिने चांगल्या राहतात, आणि तशाच गोठलेल्या मंद आचेवर झाकण ठेवून भाजता येतात. पाव त्याच तव्यावर, कापलेली बाजू खाली करून, लालसर शेकून घ्यावा, म्हणजे तो ओल धरीत नाही. खालच्या भागाला शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, तिच्यावर टिक्की, टिक्कीवर कोबीचे किंवा सॅलडचे कोरडे पुसलेले पान, आणि काकडी-टोमॅटोच्या चकत्या त्या पानाच्या वरच्या बाजूस ठेवाव्यात, म्हणजे त्यांचे सुटलेले पाणी टिक्कीपर्यंत पोहोचत नाही, आणि डब्यात दिलेला पाव मधल्या सुट्टीपर्यंत कोरडा राहतो.