रॅम्प मागच्या बाजूला का?

वास्तुरचनाकारांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून रिवाजाप्रमाणे मी वर्षाचा आढावा घ्यायला हवा. पण पुनर्विकास, हरित इमारती, नवे बांधकाम-साहित्य यांवर उद्याच्या सत्रांत जाणकार बोलणारच आहेत. मला आज एकच तक्रार मांडायची आहे आणि ती जुनी आहे: आपण जोत्याची उंची आधी ठरवतो आणि त्यावर चढू न शकणारी माणसे नंतर आठवतो.

हिशेब अगदी साधा आहे. रॅम्पचा उतार १:१२ धरला, तर ६० सेंटिमीटर उंच जोत्यासाठी ७.२ मीटर लांबी लागते, शिवाय वर-खाली सपाट जागा. पहिल्याच आराखड्यात ही लांबी धरली, तर प्रवेशाची दिशा थोडी वळवून किंवा आवाराच्या जमिनीलाच हळूहळू चढ देऊन ती बऱ्याचदा मावते. पुष्कळ ठिकाणी वेगळ्या रॅम्पची गरजच उरत नाही. दुकानांचे गाळे, पार्किंग आणि शोभेचा दर्शनी जिना बसवून झाल्यावर मात्र ही लांबी मावत नाही. मग रॅम्प मीटर-रूम आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारी ढकलला जातो, उतार दुप्पट तीव्र होतो आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती आले की त्यावर स्कूटर उभ्या राहतात. याला आपण जागेची अडचण म्हणतो. ती आपल्याच कामाच्या क्रमाने तयार केलेली असते. शहराच्या पातळीवरही हेच घडते. मुंबईत २००८ साली वांद्र्याला पहिला स्कायवॉक आला आणि मग त्यांची रांग लागली. खालचा रस्ता गाड्यांना मोकळा राहावा म्हणून पायी चालणाऱ्याने जिना चढायचा, हे ठरवताना गुडघे दुखणाऱ्यांचे मत कोणी विचारले होते?

मूठभर लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे आपल्यातले बरेच जण म्हणतात आणि २०११च्या जनगणनेतील दिव्यांगांच्या २.२१ टक्के प्रमाणाचा दाखला देतात. या आकड्यात संधिवाताने जखडलेली आजी नाही, दिवस भरत आलेली बाई नाही, पायाला प्लास्टर घातलेला मुलगा नाही, पाण्याचे जार पोचवणारा कामगारही नाही. त्याहून गंभीर बाब अशी, की ज्याला पाच पायऱ्या उतरता येत नाहीत तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत येत नाही, गणपतीच्या मांडवात दिसत नाही. मग त्याचे न दिसणे हाच गरज नसल्याचा पुरावा ठरतो! शेजार कोणाचा आणि कोणाशी होणार, याचा निम्मा निकाल प्रवेशद्वाराच्या नकाशातच लागलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मुंबईतल्या २६ जुलै २००५च्या पुरानंतर सखल भागात जोते खाली ठेवा, असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. मीही सांगत नाही. पण जोते उंच करणे हा एक निर्णय आणि तिथे फक्त पायऱ्यांनीच पोचणे हा दुसरा. पुराचे पाणी पहिल्याची सक्ती करते. दुसरा आपण सवयीने घेतो आणि खापर पावसावर फोडतो.

राहिला कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ४४ने सुगम्यतेच्या नियमांत न बसणाऱ्या नकाशाला मंजुरी देण्यास मनाई केली आहे. तरी याच अधिनियमाखालच्या नियमावलीतला नियम १५ शिफारशींच्या भाषेत बोलत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत वेगळे काढायला सरकारला सांगितले. यामुळे रचनाकाराचा कारकून होईल, अशी ओरड लगेच सुरू झाली. अग्निशमनाच्या नियमांनी आपली प्रतिभा मारली, असे कोणी म्हणत नाही. जिन्याची रुंदी बंधनकारक असते हे आपण मुकाट्याने मान्य करतो. दाराची रुंदी तशी झाली की स्वातंत्र्य धोक्यात येते, हे अजब आहे.

परिषदेने सदस्यांचे नकाशे मंजुरीआधी व्हीलचेअर वापरणाऱ्यांकडून आणि अंध व्यक्तींकडून तपासून घ्यावेत, असा प्रस्ताव मी मांडतो. शुल्क कोणी द्यायचे, अंध परीक्षकांसाठी स्पर्शाने वाचता येणारे नकाशे कसे बनवायचे, हे कार्यकारिणीने बघावे. विरोध होणार, हे ठाऊक आहे. तो याच सभागृहात, नाव सांगून व्हावा.