रिकामी पट्टी, जुनी चिठ्ठी

किकवीत माझं औषधाचं दुकान आहे. बीपीची, शुगरची माणसं रिकामी पट्टी पुढं करतात, ‘हीच द्या.’ पट्टी कापलेली, नाव अर्धं गेलेलं. चिठ्ठी मागितली तर म्हणतात, ‘आता चिठ्ठी कशाला भाऊ? दोन वर्षं हीच चालू आहे.’

कशाला, ते सांगतो. १९४५ च्या औषध नियमांनुसार ‘एच’ परिशिष्टातलं औषध एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं. किती वेळा, किती दिवसांनी द्यायचं हे डॉक्टरांनी लिहिलं असेल, तरच पुन्हा. दरवेळी दुकानदारानं तिच्यावर नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. म्हणून दवाखान्यातून निघण्याआधीच विचारा, ‘किती महिने चालेल, तेवढं लिहिता का?’ मग महिन्याला नुसत्या सहीसाठी रांग नको.

एक आजी आल्या होत्या. चक्कर येते, पाय सुजतात म्हणाल्या. पिशवीत दोन पट्ट्या निघाल्या: एक पुण्याच्या डॉक्टरांची, एक गावातली. कंपन्या वेगळ्या, पण दोन्हींत अॅम्लोडिपिनच! दुप्पट गोळी पोटात जात होती. त्यांना तशाच डॉक्टरांकडं पाठवलं. दोन्ही चिठ्ठ्या कुणी एकत्र पाहिल्याच नव्हत्या.

परवडत नसेल, तर आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण गोळी मधेच सोडू नका. बरं वाटतं ते गोळीमुळंच. भातलावणीत आठवडा कसा जातो कळत नाही, तेव्हा पट्टीत पाच गोळ्या उरल्या, की चिठ्ठी घेऊन निघा.