डार्विनच्या फुरसतीचें एक वर्ष

सन १८७६ च्या जानेवारीच्या २८ तारखेस चार्लस् डार्विननें अमेरिकेंतील आपला मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, यास एक पत्र लिहिलें. त्यांत एक हिशेब आहे. बॅकगॅमनच्या खेळांत बिचाऱ्या पत्नीनें आजवर अवघे २,४९० डाव जिंकले असून आपण मात्र २,७९५ जिंकले आहेत, असें त्यानें मोठ्या फुशारकीनें कळविलें आहे! ज्याच्या एका ग्रंथानें धर्मगुरु आणि पंडित दोघांचीही झोंप उडविली, तो पुरुष वयाच्या सदुसष्टाव्या वर्षांत ३०५ डावांच्या आघाडीचा असा उत्सव करतो, हें ऐकून कोणासही हंसूं येईल.

बॅकगॅमन म्हणजे आपल्या सारीपाटाचा दूरचा भाऊबंद. चोवीस घरांचा पट, दोन फांसे आणि प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या. दान दैवानें द्यावयाचें; कोणती सोंगटी हलवावी हें मात्र ज्यानें त्यानें ठरवावयाचें. इंग्लंडच्या केंट परगण्यांतील डाऊन या खेड्यांत डार्विन १८४२ पासून राहत होता. रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे पतिपत्नी दोन डाव खेळत. वरील आंकड्यांची बेरीज ५,२८५ होते. रोजचे दोन धरले तरी हा सात वर्षांहून अधिक काळाचा जमाखर्च झाला. प्रकृति नेहमींच नादुरुस्त असलेल्या या माणसानें तोही चोख ठेवावा, हें त्याच्या स्वभावास धरूनच होतें. फांसे उलटे पडले म्हणजे तो दैवाच्या नांवानें खडे फोडी आणि एमाचें नशीब पाहून लटकाच रागावे, असें त्याचा मुलगा फ्रान्सिस यानें लिहून ठेविलें आहे.

वाचनाची तऱ्हा याहून निराळी. पुस्तक हें त्याच्या लेखीं केवळ हत्यार होतें. जाड ग्रंथ हातांत धरणें जड जातें म्हणून तो मधोमध फाडून त्याचे दोन भाग करी! पुस्तकास पाय लागला तर नमस्कार करावयाचा, अशी शिकवण असलेल्या आपल्या घरांतून हें ऐकतांना अंगावर कांटाच उभा राहील. जर्मन ग्रंथ तो कोश जवळ घेऊन मोठ्या कष्टानें वाची. कादंबरी मात्र वाचावयाची नसून ऐकावयाची. दुपारीं तीनच्या सुमारास कोचावर पडून तो सिगारेट ओढीत असे आणि एमा वाचून दाखवीत असे. शेवट गोड असला पाहिजे, ही त्याची अट. पुष्कळदां त्यास मध्येंच झोंप लागे. अशा वेळीं आवाज थांबला तर त्यास जाग येईल, म्हणून ती तशीच वाचीत राही. आणि जागें झाल्यावर कथेचा एवढा भाग हातचा गेला म्हणून हा हळहळे.

त्याच वर्षीं २८ मे रोजीं डार्विननें मुलांसाठीं आत्मवृत्त लिहावयास घेतलें आणि बहुतेक दुपारीं तासभर लिहून ३ ऑगस्टला तें पुरें केलें. त्यांत एक विलक्षण कबुली आहे. तिशीपर्यंत मिल्टन, बायरन, वर्ड्सवर्थ यांच्या काव्यांत तो रमून जाई. 'बीगल' जहाजावरील सफरींत एकच पुस्तक घेऊन किनाऱ्यावर उतरावयाचें झालें, तर तें मिल्टनचें असे. आतां मात्र कवितेची एक ओळ वाचवत नाहीं, शेक्सपिअर वाचूं जावें तर मळमळतें, चित्र आणि संगीत यांचीही गोडी बहुतेक गेली. आपलें मन म्हणजे माहितीच्या ढिगांतून नियम काढणारें एक यंत्र झालें आहे, असें तो लिहितो. पुन्हां जगावयास मिळालें तर आठवड्यांतून एकदां तरी थोडें काव्य वाचण्याचा आणि संगीत ऐकण्याचा नेम करूं, असेंही म्हणतो. काव्याविषयींचें त्याचें गाऱ्हाणें खरें मानलें पाहिजे. तें त्याच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? पण यंत्र हा शब्द पटत नाहीं. डाव जिंकल्याची बातमी यंत्र समुद्रापलीकडे धाडीत नाहीं.

चित्रकला आली नाहीं ही खंतही त्या आत्मवृत्तांत आहे. १८३७ सालीं एका टिपणवहींत त्यानें वेड्यावांकड्या रेघांचें एक झाड काढलें. जीवजातींचा तो वंशवृक्ष आज जगभर ओळखला जातो. परंतु चित्र म्हणून पाहिलें तर शाळेंतील कोणताही मुलगा त्याहून बरें काढील. रेघोट्यांची खरी हौस होती ती त्याच्या मुलांना. जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ सालीं छापून झाला आणि हस्तलिखिताचें महत्त्व संपलें. त्याच्या कोऱ्या पाठी मुलांनीं रंगविल्या. आज त्या हस्तलिखिताचीं जीं थोडीं पानें शिल्लक आहेत, त्यांतील कित्येक केवळ या चित्रांमुळें वांचलीं. एका पानामागें फळें आणि भाज्या यांच्या शिपायांची लढाई जुंपली आहे. तें चित्र फ्रान्सिसचें असावें, असें जाणकार म्हणतात.

हा फ्रान्सिस १८७६ सालीं अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. वडिलांचा मदतनीस म्हणून तो डाऊनमध्येंच बिऱ्हाड करून होता. ७ सप्टेंबरला त्याची पत्नी एमी हिला मुलगा झाला आणि चौथ्या दिवशीं, ११ तारखेस, ती वारली. तान्हें मूल घेऊन फ्रान्सिस वडिलांच्या घरीं परत आला. त्या घरांत वीस वर्षांनीं पाळणा हलला, पण असा. नोव्हेंबरांत डार्विनचा वनस्पतींच्या परफलनावरील ग्रंथ बाहेर पडला. कामांत खंड पडला नाहीं.

१८८२ सालीं डार्विन वारला, तोंवर फ्रान्सिसचें बिऱ्हाड त्याच घरांत होतें. रात्रींचा पट, लटका राग, झोंपलेल्या पतीशेजारीं न थांबतां चाललेलें तें वाचन, हें सारें जगास कळलें तें त्याच्या लेखणींतून. तें पाहतांना त्या तरुण विधुराच्या मनांत काय येत असेल?

तो तान्हा मुलगा बर्नार्ड आजीआजोबांच्याच घरांत वाढला. पुढें तो वकील झाला. पण त्यांत मन रमेना म्हणून वकिली सोडून त्यानें लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत गोल्फवर लिहावयास सुरुवात केली आणि चाळीसांहून अधिक वर्षें त्याच खेळावर लिहिलें.