हजेरीपटाची प्रत



संगणकावर बोल, असा आग्रह झाला, म्हणून माझ्या कामातली एक चूकच सांगते.

पायथन भाषेत 'ब = अ' लिहिलं की यादीची प्रत होत नाही; त्याच यादीला दुसरं नाव मिळतं. घरी जी बेबी, तीच पटावर दुसऱ्या नावाने, तसं. प्रतीसाठी कॉपी नावाचं मॉड्यूल आहे. त्यातली साधी 'कॉपी' उथळ असते. म्हणजे गुरुजींनी जूनमध्ये हजेरीपट नव्या वहीत उतरवला. नव्या वहीत एक नाव वाढवलं, तर जुन्या वहीत ते येत नाही. पण पोरं तीच! बेबी बांधीत घसरून पडली, तर दोन्ही वह्यांतल्या बेबीचा हात मोडलेला. 'डीपकॉपी'त मात्र पोरंही नवी बनतात. कोणाची प्रत झाली याची ती नोंद ठेवते, म्हणून बेबीच्या नोंदीत मैत्रीण आणि मैत्रिणीच्या नोंदीत बेबी असली तरी गोलगोल फिरत नाही. वेळ नि मेमरी जास्त लागते, म्हणून लोक ती टाळतात. मीही टाळली.

पुण्यात एका कंपनीत पगाराचं काम होतं. भत्ता कमी केला तर किती वाचेल, एवढंच साहेबांना पाहायचं होतं. मी कामगारांच्या नोंदींची उथळ प्रत घेऊन तीत आकडे बदलले. यादी नवी, नोंदी जुन्याच. पुढे त्याच साठवल्या गेल्या आणि दिवाळीच्या तोंडावर सफाई कामगारांचा पगार कमी निघाला. मी तपासणीत फक्त यादीची लांबी पाहिली होती. (हसू नका.)

माझी आई बिड्या वळायची, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ठेकेदार खराब म्हणून काही बिड्या बाजूला काढून पैसे कापायचा. आई घरी येऊन पुन्हा पुन्हा हिशेब मांडायची.

फरक चार दिवसांत दिला गेला. त्याआधी एका बाईंनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, माझा तर एकही खाडा नव्हता ना?" मी "बघते" म्हणाले. चूक माझी, हे साहेबांना सांगितलं होतं. त्यांना नाही सांगितलं. पुढच्या महिन्यात सांगायला गेले, तर त्यांचं कंत्राट संपलं होतं.