तारलीची चरबी आणि पापलेटाचा मान



कोंकणच्या बाजारांत पापलेटाला जो मान आहे तो तारलीला नाहीं. तारली स्वस्त, कांटेरी आणि उग्र वासाची. घरीं पाहुणा आला म्हणजे तिला कोणी पुढें करीत नाहीं. परंतु भाव हा रुचीचा व टंचाईचा निदर्शक आहे, पोषणाचा नव्हे. पोषण ठरवावयाचें तर मासळी रसायनशाळेंत न्यावी लागते.

मासळीची चरबी अनेक मेदाम्लांची बनलेली असते. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची सांखळी. तिच्यांत कोठें कोठें दुहेरी बंध असतात. मासळींत विशेष मोलाचीं अशीं दोन मेदाम्लें आहेत. ईपीए या अम्लांत २० कार्बन व ५ दुहेरी बंध, तर डीएचए या अम्लांत २२ कार्बन व ६ दुहेरी बंध. दोन्ही ओमेगा-३ या कुळांतलीं. डीएचए मेंदूच्या व दृष्टिपटलाच्या घडणींत लागतें, आणि आपलें शरीर तें स्वतः फार थोडें तयार करतें. गरोदर सुनेच्या ताटांत कोणती मासळी पडावी हा प्रश्न म्हणूनच केवळ चवीचा राहत नाहीं.

परीक्षा अशी : मांस बारीक वाटून क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांच्या मिश्रणांत घोळतात. ही सुटसुटीत रीत १९५९ सालीं कॅनडांत ब्लाय व डायर यांनीं कॉड माशावर काम करून बसविली. निघालेल्या चरबींतील मेदाम्लांचे मिथिल एस्टर करतात, कारण त्यांची वाफ सहज होते. ती वाफ गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या लांब, केसासारख्या बारीक नळींतून जाते. शाळा सुटल्यावर चपळ मुलें फाटकाबाहेर आधीं पडावीं व रेंगाळणारीं मागून यावीं, त्याप्रमाणें एकेक अम्ल आपापल्या वेळीं बाहेर येतें व आलेखावर आपलें शिखर उमटवितें.

येथवर सोपें आहे. खरी फसगत पुढें होते. यंत्र सांगतें ते टक्के, आणि तेही एकूण मेदाम्लांपैकीं. समजा, एका माशाच्या १०० ग्रॅम मांसांत मेदाम्लें अवघीं १ ग्रॅम, पण त्यांत ईपीए व डीएचए मिळून ३० टक्के. दुसऱ्यांत मेदाम्लें ८ ग्रॅम आणि हा वांटा २० टक्के. टक्क्यांत पहिला श्रेष्ठ. ताटांत मात्र पहिल्याचे ०.३ ग्रॅम येतात आणि दुसऱ्याचे १.६! याकरितां माशांत सहसा न आढळणारें एखादें मेदाम्ल नेमक्या वजनाचें आरंभींच मिसळतात व त्याच्या शिखराशीं इतरांची तुलना करून ग्रॅम काढतात. प्रौढ माणसास दोन्ही मिळून रोज किमान ०.२५ ग्रॅम असावीं, असें जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनीं २००८ सालीं ठरविलें. चरबीदार तारली हा हिशोब सहज पुरा करते. पापलेट या बाबतींत सामान्यतः तिच्या मागेंच राहतें.

‘चरबीदार’ हा शब्द मीं जाणूनबुजून योजला. अंडीं घालण्याच्या काळांत तारली रोडावते, आणि पावसाळा सरल्यावर पुन्हां तिच्या अंगीं चरबी चढते. कोणत्या महिन्याची मासळी तपासली हें न सांगणारा तक्ता मला अर्धवट वाटतो.

आणखी एक अडचण आहे. जे दुहेरी बंध या अम्लांना गुण देतात, तेच हवेंतील प्राणवायूला बळी पडतात व मासळी खवट होते. भरपूर तेलांत तळल्यास माशाची चरबी कांहीं अंशीं कढईंत उतरते व कढईंतलें तेल माशांत शिरतें. रसायनशाळेंत नमुना बर्फांत आणतात, काढलेली चरबी नायट्रोजन वायूखालीं जपतात. घरीं तेवढें कोठलें? तारली ताजी आणावी व त्याच दिवशीं कालवणांत टाकावी, म्हणजे झालें.