बुडालेली पेढी आणि तिचे चालक



बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवचा कापूस एके काळीं मुंबईच्या वाटेनें विलायतेच्या गिरण्यांपर्यंत जात असे. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ या काळांत त्याला अपूर्व भाव आला आणि त्या पैशाच्या लोंढ्यावर मुंबईंत शेअरांचें वेड माजलें. त्या वेडांत १८४० सालीं स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे बुडाली. तिच्यांत सरकारचें भांडवल होतें, सरकारनियुक्त संचालक होते; लोक निर्धास्त राहिले यांत नवल तें काय?

१८६३ च्या कायद्यानें कर्जावरील जुनीं बंधनें सैल झालीं. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द सेक्रेटरीच्या खोलींत नियमाहून वरचढ ठरूं लागला. युद्ध थांबलें, भाव कोसळले, आणि तारण म्हणून घेतलेले शेअर नुसते कागद उरले. सर चार्लस जॅक्सन यांच्या चौकशीमंडळानें सेक्रेटरींनीं अधिकाराचा दुरुपयोग केला असें म्हटलें, तसेंच एकामागून एक आलेल्या संचालकमंडळांच्या हयगयीवर आणि अपात्रतेवरही बोट ठेवलें. हा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. पैसा खाणारा चोर ओळखूं येतो. डोळे मिटून सही करणारा प्रतिष्ठित गृहस्थ मात्र समाजांत पूर्ववत् मान घेत हिंडतो.

आतां घरचें उदाहरण. मे २०१२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें बुलढाणा, नागपूर व वर्धा येथील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना परवाना नाकारला. नव्या ठेवी घेणें बंद झालें. अशी बँक म्हणजे नुसती शहरांतली पेढी नव्हे. गांवोगांवच्या सेवा सोसायट्या तिच्याच पैशावर पीककर्ज देतात. ती अडली कीं पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला सावकाराचें दार दिसूं लागतें. पुढें नोव्हेंबर २०१४ मध्यें केंद्र सरकारनें देशांतील अशा २३ बँकांसाठीं योजना मंजूर केली. केंद्र, राज्यें व नाबार्ड मिळून २,३७५ कोटींची ती रक्कम. महाराष्ट्राच्या या तीनही बँका तींत होत्या. खड्डा भरला तो सार्वजनिक पैशानें. तो खणला कोणी, हा प्रश्न त्यामुळें मिटत नाहीं.

कायदा मुका आहे असेंही नाहीं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ८८ प्रमाणें संस्थेचा पैसा गैरमार्गानें खर्चणाऱ्या आजी-माजी पदाधिकाऱ्याकडून तो व्याजासह परत घेतां येतो. पण ही झाली बुडाल्यानंतरची वसुली. कलम ७५ आधींच कामाला येतें: संचालकांना व त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचें, थकबाकीसह, पत्रक वार्षिक सभेपुढें ठेवलेंच पाहिजे. तें वाचून दाखवा असें म्हणूं शकणारा सभासद मात्र बहुधा चहा होतांच घरीं गेलेला असतो.